तिसऱ्या रोज्याची तिथी

मनामा, ता. ३ मार्च १९८०

ती. सौ. वहिनीस,
शंभूचा शि. सा. न. वि. वि.

दादाचं अजून काही कळलं नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे तू खालपर्यंत श्वास धरून वाचणार नाहीस. दादा ज्या कंपनीच्या टगबोटीवर खलाशी होता, तिच्या ऑफिसात परत गेलो होतो. गेल्या उन्हाळ्यात शमालचा वारा सुटला, टग बुडाला, शिवदास मिसिंग, एवढंच ते म्हणतात. मिसिंग म्हणजे मेला का, असं विचारलं तर कारकून म्हणाला, मिसिंग म्हणजे मिसिंग. त्या टगवरून वाचलेला वली म्हणून एक जण अरादला राहतो असं मात्र कळलंय. या शुक्रवारी जातोच.

मला काम लागलं. मुख्तारभाई म्हणून कराचीचे पेंटर आहेत, त्यांच्या हाताखाली. उम्म अल हस्समला नवीन हॉटेल होतंय. त्याच्या बारच्या भिंतीवर जुन्या इंग्रजी लढाऊ जहाजाची सगळी नोकरी काढायची आहे, जन्मापासून शेवटापर्यंत, एकेका चौकटीत. जहाजाचं नाव एच. एम. एस. थॉर्नबी. शिडाचं, दोन्ही बाजूंना तोफा. आणि बांधलेलं कुठे, तर आपल्या मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागाचं! कण्यात पहिला खिळा म्हणे चांदीचा ठोकला, पारशी मिस्त्रीने. मालकाने एक इंग्रजी पुस्तिका आणलीय, ती हॉटेलच्या अकाउंटंट मेधाबाई मला मराठीतून आणि मुख्तारभाईंना हिंदीतून सांगतात. मी सातवी नापास, मला काय कळतंय. चांदीचा खिळा मीच रंगवला. बाबांना सांग, ते खूश होतील.

आहे तो लोभ तसाच ठेव.
शंभू

---

विजयदुर्ग, ता. २ एप्रिल १९८०

चि. शंभू भावजींस,
शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

चांदीच्या खिळ्याचं ऐकून मामंजी हसले. बऱ्याच महिन्यांनी. पण तुम्ही महिनाभर कुठल्या शुक्रवारची वाट बघताय? आपल्या शेजारच्या मसूदाचा नवरा बहरीनला होता ना, ती सांगत होती की मनामाहून अरादला पुलावरून बस जाते, भात शिजेपर्यंत पोचतो माणूस. तुम्हाला लहानपणी पीठ आणायला पाठवलं तर तुम्ही जेटीवर होड्या बघत बसायचा, तसलंच काही चाललंय ना?

इथलं काय लिहू. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलावणं येतं, कारण न बोलावणं वाईट दिसतं. पण मला कुंकू लावताना समोरचीचा हात घुटमळतो. मामंजी म्हणतात, बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करायची, असाच शास्त्रार्थ आहे. माझा भाऊ म्हणतो, माहेरी चल. भावजी, मला वाट बघायचा कंटाळा नाही. मी कशाची वाट बघते आहे, तेवढं फक्त कोणीतरी सांगा.

उन्हातून टोपी घालत जा.
तुमची वहिनी

---

मनामा, ता. १० मे १९८०

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न.

अरादला जाऊन आलो. म्हणजे अरादपर्यंत. किल्ल्यापाशी उतरलो, तिथे एक लाकडी होडी किनाऱ्यावर ओढून तिच्या फटींत कापूस भरत होते. ते बघत उभा राहिलो, मग ऊन चढलं, मग बस आली. पुढच्या खेपेला नक्की, इंशाल्ला.

थॉर्नबीचं ऐक. आधी याच आखातात मोत्यांच्या होड्यांवर पहारा केला. मग ब्रह्मदेशच्या लढाईला गेलं. तिथे तोफेने मेले त्याहून तापाने जास्त मेले. एका कप्तानाला दूध लागायचं म्हणून डेकवर गाय बांधलेली होती. ती गाय मी हट्टाने चित्रात घातली, मुख्तारभाई आधी ओरडले, मग तिला शिंगं त्यांनीच काढली. पुढे झांजीबारकडे गुलाम वाहणाऱ्या होड्या पकडल्या. एवढी नोकरी झाल्यावर मस्कतहून लंकेला निघालं, त्रिंकोमालीला, आणि पोचलंच नाही. फळकूटसुद्धा सापडलं नाही. मेधाबाई म्हणाल्या, लंडनच्या ऑफिसने बरीच वाट बघितली, मग एक तारीख ठरवली, त्या तारखेला जहाज बुडालं असं धरलं आणि नाव काढून टाकलं. त्या दिवसापासून खलाशांच्या बायका विधवा. हे ऐकल्यापासून ब्रश नीट चालत नाही.

लोभात राहू दे.
शंभू

---

विजयदुर्ग, ता. ७ जून १९८०

चि. शंभू भावजींस,
आशीर्वाद.

त्या लंडनच्या साहेबाने तारीख कुणाला विचारून ठरवली? त्याच्या घरातलं कोणी होतं का त्या जहाजावर? पत्र वाचून मी दिवसभर त्याच्याशीच भांडत होते, मामंजींना वाटलं मी त्यांच्यावर रागावले.

तुम्ही घाबरता, हे मला कळलंय. वली भेटला की संपलं, म्हणून भेटत नाही तुम्ही. मीसुद्धा पोस्टमन दिसला की आत जाते. घाबरा, पण जा. आणि तो जे सांगेल ते गाय, शिंगं, होड्या न घालता लिहा. वाईट असेल तर दिवस विचारून घ्या. तिथी नसलेल्या माणसाला वर्षातून एकदा तरी कुठल्या दिवशी जेवू घालायचं?

तुमची वहिनी

---

मनामा, ता. १२ जुलै १९८०

ती. वहिनीस,
शि. सा. न.

वली भेटला. हिंदी येते त्याला. टग उलटला तेव्हा दोघे एकाच दोराला धरून होते. दादा त्याला म्हणत होता, हात सोडू नको. मग एक लाट आली आणि दोराला वली एकटाच होता. त्याने पुष्कळ हाका मारल्या. दादा बुडताना दिसला नाही, पण वर आलाही नाही. जवळपास ना होडी, ना जमीन. वली म्हणाला, वाट बघू नका म्हणावं घरच्यांना.

तारीख त्याला ठाऊक नाही. तिसरा रोजा होता, एवढं पक्कं, कारण तोंडात खारं पाणी गेलं तेव्हा रोजा मोडला हा विचार आधी आला, असं म्हणाला आणि रडायला लागला. मला रडू आलं नाही. त्याच्या बायकोने खजूर दिले, ते खाल्ले.

शंभू

---

विजयदुर्ग, ता. २८ जुलै १९८०

चि. शंभू भावजींस,
आशीर्वाद.

मामंजींना पत्र पूर्ण वाचून दाखवलं, मध्ये थांबले नाही.

मग मसूदाला बोलावलं. रोज्याची असूनही आली, ओसरीवर बसून बोटं मोजली. तिच्या हिशेबाने गेल्या वर्षीचा तिसरा रोजा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आला. मला हायसं वाटलं. का, ते सांगते. पंचमीला आम्ही देवळामागे फुगड्या खेळलो होतो, मी पोट दुखेपर्यंत हसले होते. म्हटलं, चला, तेव्हा ते होते तरी.

मसूदा फाटकापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, अरबांच्या मुलखात चंद्र एक दिवस आधी दिसतो, माझ्या नवऱ्याची ईद नेहमी आमच्या आदल्या दिवशी असायची. एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून बसली. न सांगती तरी कोणाला कळलं असतं?

तेव्हा तिथी पंचमीच. साक्षीदार आहे, आता बारा वर्षं थांबायला नको, असं भटजी म्हणतात. येत्या नागपंचमीला क्रिया. आम्हाला मूल नाही, धाकटा भाऊ म्हणून तुम्हीच बसायचं. तुम्ही आला नाहीत तर मामंजींना मुलाचं करावं लागेल. त्यांना जमिनीवर बसलं की उठता येत नाही. या.

माहेरी मी जात नाही. इथे भात कोण शिजवेल?

तुमची वहिनी

---

मनामा, ता. १५ ऑगस्ट १९८०

ती. वहिनीस,
शंभूचा शि. सा. न.

मी आलो नाही, हे तुला पत्राआधीच कळलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. ईद झाली, उद्या बार उघडायचा, भिंत पुरी होईपर्यंत सुट्टी मफी, म्हणजे नाहीच. मेधाबाई माझ्यासाठी बोलायला गेल्या, त्यांनाही तेच ऐकवलं.

आज नागपंचमी, म्हणून आंघोळ करून, उपाशी, कामावर गेलो. शेवटच्या चौकटीत मुख्तारभाईंनी नुसता समुद्र काढला होता. मालक बघून भडकला. रिकाम्या पाण्यासमोर बसून कोण पिईल म्हणाला, जहाज घाला. मुख्तारभाई म्हणाले, पोचलंच नाही ते कसं घालू. मालक म्हणाला, गिऱ्हाइकाला काय माहीत. मुख्तारभाईंनी ब्रश ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. मग मालकाने माझ्याकडे बोट दाखवलं, यल्ला, चल, तू काढ.

मी काढलं, वहिनी. बाबा तिकडे पळसाची पानं मांडत असतील, त्यांना पाटावरून कोण उठवत असेल, असं मनात चाललं होतं आणि हात शिडं भरत होता. डेकवर माणसं घातली, एकेकाला टोपी घातली. दोर सगळे ताणलेले काढले.

मालकाला फार आवडलं. म्हणाला, आता बंदराला लागेल असं वाटतं.

लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो.
शंभू