शर्टाच्या शेपटाचा निवाडा

पाइन क्रीकचा कॅम्प, पेनसिल्व्हेनिया
शनिवार, हरणांच्या हंगामाचा पहिला आठवडा

आदरणीय व्हर्नाताई,

धाकटा भाऊ इमॅन्युएल याचा नम्र नमस्कार. येथे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. तुझा गुडघा थंडीत फार छळत नसावा, अशी आशा करतो. तू पाठवलेला सफरचंदाचा मुरंबा पोहोचला. (बरणी अर्धी रिकामी होती. ती वॉरन झर्बीने आणली. मी कोणावरही आरोप करत नाही.)

आता मुख्य विषय. माझ्यावर एक अन्याय होऊ घातला आहे. आपल्या कॅम्पचा नियम हार्लनभाऊजींनी घातला, आणि त्यांच्या माघारी तो तुझ्याइतका कोणालाच ठाऊक नाही: ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचे मागचे शेपूट कापून, त्यावर नाव लिहून, भिंतीवर ठोकायचे. ज्यांची शेपटे शाबूत असतील त्यांतल्या थोरल्याने कात्री सांभाळायची. ती कात्री आजवर माझ्याकडे आहे. ती आता आपल्याकडे यावी, असे वॉरनचे म्हणणे आहे. त्याचेही शेपूट शाबूत आहे, हे मी मान्य करतो. परंतु तो रायफलीवर दुर्बीण बसवून नेम धरतो. त्यात त्याचे कर्तृत्व किती आणि काच घासणाऱ्याचे किती, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

घडले ते असे. सोमवारी न्याहारीला, दरवर्षीप्रमाणे, कोणाची बंदूक श्रेष्ठ यावर बोलणे निघाले. ल्यूथर हॉखने (वयाने माझ्याएवढाच, परंतु पोच कमी) आपल्या जुन्या थर्टी-थर्टी रायफलीची बाजू मांडली. "माझी म्हणजे म्हातारी घोडी. रूप नाही, पण रोज घरी आणून सोडते." त्यावर वॉरन म्हणाला, "घोडी कसली, ल्यूथरकाका? तिचा खटका ओढला की फडताळातले चमचे वाजतात!" मी तेव्हा शांतपणे आजोबांच्या चकमकीच्या बंदुकीचा विषय काढला. मेपलच्या लाकडाचा तो नागमोडी रेषांचा दस्ता, ती लोहाराने हाताने घडवलेली लांब नळी, आणि एकच गोळी असल्यामुळे माणसाच्या अंगी येणारी जबाबदारी, हे सारे मी मुद्देसूद सांगितले. वॉरन म्हणाला, "मॅनीकाका, तुमची बंदूक वाजेपर्यंत हरीण म्हातारं होऊन मरतं."

अशा बोलण्याला उत्तर देणे भाग होते. मी अंगणात बंदूक भरत होतो आणि उत्तर देत होतो. आधी दारू, मग तेलात भिजवलेली चिंधी, तिच्यावर गोळी, आणि शेवटी गजाने सारे खाली ठासायचे, हा क्रम मी त्यास मोठ्याने समजावूनही सांगितला. (ज्याचे बोलणे वारंवार तोडले जाते, त्याच्याकडून एखादी पायरी राहिली तर दोष तोडणाऱ्याचा असतो, असे माझे मत आहे.)

मग आम्ही रानात निघालो, तर ओढ्यापलीकडे झुडुपांत हरीण उभे होते. शिंगांचा पसारा असा की तुझ्या दिवाणखान्याच्या दारातून आत येणार नाही. मी नेम धरला, चाप ओढला. चकमक झडली, बाहेरची रंजक, म्हणजे ठिणगी धरणारी चिमूटभर दारू, भुर्रकन पेटली, धूर झाला, आणि पुढे काहीच झाले नाही. हरणाने माझ्याकडे पाहिले. मी नवी रंजक घालून पुन्हा चाप ओढला. पुन्हा धूर. मग ते पाने खात खात निघून गेले. ते पळालेसुद्धा नाही, याचे मला विशेष वाईट वाटले. नळीत चिंधी होती, गोळी होती. दारू तेवढी नव्हती.

संध्याकाळी यावर रीतसर चर्चा झाली. जी गोळी नळीबाहेरच आली नाही, ती चुकली कशी म्हणता येईल? हा माझा मुद्दा ल्यूथरने उचलून धरला आणि वॉरननेही मानला. विषय तेथे संपला होता.

परंतु अडकलेली गोळी काढणे आवश्यक होते. रंजकेच्या छिद्रातून चिमूटभर दारू आत सारून ती उडवावी लागते. बंदूक वाटेल तिकडे झाडणे मला पटत नाही, म्हणून मी सरपणापलीकडच्या खुंटावर नेम धरला, आणि शिस्त म्हणून "खुंटाच्या मधोमध" असे मोठ्याने जाहीर केले. तेच वाक्य आज माझ्याविरुद्ध वापरले जात आहे. दारू फार थोडी गेली असावी. गोळी बाहेर आली आणि खुंटाच्या पुष्कळ अलीकडे बर्फात पडली. ल्यूथर, जो तोवर माझ्या बाजूचा होता, ओसरीच्या खांबाला मिठी मारून हसू लागला. "अरे मॅनी, ही गोळी मारली की अंडं घातलं?" वॉरनने फक्त इतकेच विचारले, "काका, कात्री कुठाय?"

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे, तरी हरीण आणि खुंट यांतला फरक मला कळतो. नियम शिकारीचा आहे. अडकलेली गोळी काढणे ही साफसफाई होय. निर्णय उद्या, रविवारी, व्हायचा आहे.

गुडघ्याला शेक देत जा. इतका मजकूर पुरे.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
इमॅन्युएल स्टाउफर

ता. क. नियम फक्त जिवंत जनावराला लागू आहे, असे दोन ओळींत लिहून सहीनिशी पाठवावेस. तुझा शब्द येथे कोणी मोडणार नाही. पत्र येईपर्यंत मी निर्णय लांबवतो.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकण्यासाठी न्यायला वॉरन आत्ताच आला. त्याने कालच दुकानातून तुला फोन केला होता, असे कळले. तू बराच वेळ हसलीस आणि मग म्हणालीस, "कापा! हे असते तर त्यांनीच कात्रीला धार लावून दिली असती." तरी वरील ता. क. रद्द समजावा.

ता. क. तिसरा. पत्राऐवजी आता पार्सल पाठवत आहे. सोबत शर्ट आहे. मागे कडा दुमडून शिवून द्यावीस, कारण पाठीला वारा लागतो. माझा तुकडा हार्लनभाऊजींच्या तुकड्याशेजारी ठोकला आहे. त्या जागेबद्दल माझी काही तक्रार नाही.