आवडीची वर राहिलेली मान

शाळा, कडाव
१२ जुलै १९३१

सदूभाऊ,

काल आवडीला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून आलात आणि मला हात जोडून म्हणालात, "मास्तर, तुमीच पोरीला वळण लावलंत." खरं काय ते मी तेव्हा सांगितलं नाही. हे पत्रही न धाडता हजेरीबुकातच राहील.

तिची पापणी जन्मापासून ढिली, डोळ्यावर उतरलेली, म्हणून ती मान वर करून बघते, हे मला कालच कळलं. मी तो उर्मटपणा समजत होतो. दोन वर्षं रोज रुळाने तिचं डोकं खाली दाबलं. रूळ उचलला की मान पुन्हा वर.

आता डॉक्टर पापणी शिवून उचलणार. मान वर ठेवली म्हणूनच नजर वाचली, असं ते म्हणाले ना? सदूभाऊ, माझं वळण तिला लागलंच नाही.

आपला,
जनार्दन मास्तर