कार्डामागची चिठ्ठी

आई,
तुझ्या नि आबांच्या पाया पडतो. मी बरा आहे. इथले गरम पाव चहाबरोबर चार-चार जातात.

तेरेखोलला प्रज्योतदादाकडे शुभेच्छाकार्डं करत होतो. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, मैद्याच्या खळीनं वाळकी पानं चिकटवायची, वर सुतळीची गाठ. खर्च म्हणशील तर काहीच नाही. तिथं एक कुत्रं रोज एकटंच फेरीबोटीतून ये-जा करायचं, त्याचंपण चित्र काढलं एकदा.

पण त्या कामाची आता किळस आलीय. प्रत्येक कार्डामागं दादा इंग्रजीत छापलेली चिठ्ठी लावायचा, 'हे अनाथ मुलानं केलं आहे.' परवा एका बाईनं विचारलं, मुलं कुठायत? दादानं मलाच पुढं ढकललं. "सांग रे, आईबाप नाहीत ना तुला?"

आणि मी मान हलवली गं. बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत रडायला लागली. ती गेल्यावर दादा हसून म्हणतो, "बरो नट मरे तूं!" म्हणजे चांगला नट आहेस की रे. स्वतःचीच शिसारी आली. कातर तिथंच टाकली नि निघालो. आता डिचोलीत रंगकामावर आहे.

ज्योतीचा खोकला गेला का? दिवाळीला तुला पाठवलेलं कार्डही त्याच गठ्ठ्यात गेलं होतं, मागची चिठ्ठी काढायची राहिली. ज्योतीला इंग्रजी येतं. तिनं उलटून बघायच्या आत ती सोलून चुलीत घाल. आबांना काही बोलू नको.

कार्ड मात्र ठेव. ते तुझ्यासाठीच केलं होतं.

तुमचाच,
अविनाश