दोरा बांधायचं काम

आई,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. माझ्यापुढं अजून अकरा माणसं आहेत, आणि मांडीवर तुझ्या नातीची वही. तू तिला पाहिलं नाहीस, तेरा वर्षांची आहे, शेजारीच बसलीय. मला भीती वाटतेय गं. लई भीती वाटतेय. शाळेत चाळीस पोरांना एका नजरेनं गप्प करणारी बाई मी, आणि इथं दार उघडलं की वहीत डोकं घालतेय.

सात महिन्यांपूर्वी निपाणीत लग्नाला गेलतो, आणि ते उरकून बेळगावला परत येत होतो. गाडी ह्यांच्या हातात. संकेश्वरच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी आली, ह्यांनी ब्रेक मारला आणि मागनं टेम्पोनं ठोकलं. मान एकदा पुढं गेली, एकदा मागं, एवढंच. रक्ताचा थेंब नाही. जमलेली माणसं म्हणाली, "वाचलासा बघा." मीही तेच म्हणत घरी आले. सकाळी मान वळेना. तेव्हापासून गळ्यात पट्टा झाला, गोळ्या झाल्या, शेक झाला, हनुवटीला पट्टा अडकवून मान ताणून झाली, उशी बदलली, मग उशीच काढली. जरा बरं वाटतंय म्हणावं, तर वाकून बादली उचलताना पाठीत अशी कळ यायची की डोळ्यांपुढं अंधारी. पण दुखण्याला मी भ्यालेले नव्हते. दुखतं ते निदान कळतं तरी.

मग एक दिवस वर्गात हातातला खडू पडला. उचलला, परत पडला. पोरं हसली, मीही हसले. बोटांना खडू लागतच नव्हता, हातात आहे की नाही तेच कळेना. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांच्या कानडी हेलात विचारलं, "हाताला मुंग्या येत्यात काय हो बाई? वस्तू पडत्यात?" मी म्हटलं, "छे हो, तसलं काय न्हाई." कारण तसलं असेल तर मानेचा मोठा फोटो काढायचा, आणि मानेत नस दबलेली दिसली तर ऑपरेशन, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बाहेर बाकावरची एक बाई म्हणत होती, मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणालाच खिळतं. ते ऐकल्यापासून मी गपगार. घरी ह्यांनाही सांगितलं नाही.

निपाणीचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. चुलीशेजारच्या भिंतीला टेकून तू बसलीयस, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, मान खाली. तुझा चेहरा मला आठवतो तोसुद्धा वरून, भांगासकट. मी दहा वर्षांची, पाढे लिहितेय. तू म्हणतेस, "ये हिकडं. आजपास्नं विडीचा दोरा तू बांधायचा. हातात कला पायजे पोरीच्या." मी अशी फुगले! तू वळायचीस, मी दोन वेढे देऊन दोरा तोडायची. सैल बसला की तू खेकसायचीस, "असलं बांधलंस तर कारखान्यात बाजूला काढत्याल! माझं नाव घालवतीस व्हय गं?" मला त्या बोलण्याचाही अभिमान वाटायचा. पुढं तू माझी वेणी घालायची सोडलीस, "मोठी झालीस आता" म्हणत. मग तुझ्या पोलक्याचे हूक मी लावायला लागले. भर उन्हाळ्यात तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचीस आणि म्हणायचीस, "गार लागतंय." दवाखान्याचं नाव काढलं की, "विडीवालीची मान दुखणारच की!" शेवटची दोन वर्षं तुला घास मी भरवला. आणि इतकी वर्षं मी शाळेत कौतुकानं सांगत आले, माझ्या आईनं तिची कला माझ्या हातात दिली.

गेल्या रविवारी मी तुझ्या नातीला हाक मारली. "ये इकडं, ब्लाऊजचे हूक लाव जरा. आणि आजपासून भाजी तू चिरायची. शिकायला नको?" पोरगी किती खूष झाली! विळी ओढून ऐटीत बसली, गवारीची शेंग हातात घेतली. तिचा तो चेहरा मी बघितला. मी तिथंच फरशीवर बसले. तू मला कला देत नव्हतीस, आई. तुझ्या बोटांना दोरा लागत नव्हता.

का सांगितलं नाहीस गं? राग येतोय मला तुझा. आणि राग येतोय तोवर कळतं, की तूही माझ्यासारखीच भ्यालेली असणार, त्या सुपावर मान घालून, एकटी.

आता पुढं दोनच माणसं राहिलीत. पोरीला मी सोबत म्हणून आणलेलं नाही. एकटी आत गेले तर परत "तसलं काय न्हाई" म्हणून बाहेर येईन, म्हणून आणलंय. तिनं मला बजावलंय, "आई, तू नाही बोललीस तर मी बोलणार."

हे पान तिच्या वहीतच राहील. आणि एक सांगते. "पुढं दोनच माणसं" पासून अक्षर तिचं आहे. पेन दोनदा पडलं, तिसऱ्यांदा मी ते तिच्या हातात दिलं. का दिलं, ते तिला सांगितलंय.