मला चोर व्हायचं होतं

बाई, तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही समोर असतात तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, म्हणून तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहिते आहे.

आपल्या शिरपूरच्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली मला अजून दिसते. शनिवारी शाळा लवकर सुटायची. आम्ही सहा जणी चपला दाराबाहेर काढून आत यायचो, तुम्ही स्वतः शिवलेली फुलाफुलांची खोळ काढायचात आणि फ्लॉपी घालायचात. तुमच्या भाच्यानं पुण्याहून दिलेला खेळ होता तो. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेघांचं भुयार, आणि आपणच त्यातून चालतोय असं दिसायचं. भिंत आली की वळायचं, दार आलं की ढकलायचं, आणि प्रत्येक पाऊल आलेखाच्या कागदावर मांडायचं. मोठ्या बाईंना तुम्ही हा भूमितीचा सराव आहे म्हणून सांगितलं होतं. पण भुयारात उतरायच्या आधी सहा गडी तयार करावे लागायचे आणि प्रत्येकाला एक काम निवडून द्यावं लागायचं. लढवय्या, मांत्रिक, पुजारी, चोर. ही मराठी नावं तुम्हीच दिलेली. लढवय्ये पुढे उभे राहून मार खाणार, मांत्रिक मागून आग फेकणार, चोर पेट्यांचे सापळे काढणार आणि पुजारी बाकीच्यांच्या जखमा भरणार. प्रत्येकीनं एक गडी करायचा, असं ठरलं.

मी चोर घेतला. खेळ काही गुण द्यायचा आणि ते आपण वाटायचे. ताकदीत टाका, अकलेत टाका, भक्तीत टाका. मी सगळे चपळाईत टाकले होते. बंद पेटीला हात लावायची छाती त्या एकट्याची, याचं मला फार कौतुक वाटायचं. तेवढ्यात तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "पुजारी कोणी घेतला?" कोणीच नाही. "मग पहिल्याच मजल्यावर मरा सगळ्या." तुमची नजर पाचही जणींवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. "तू घे गं. शांत आहेस, तुला जमेल." माझं बोट बटणावर होतं. त्यावर तुमचं बोट ठेवून तुम्ही एकेक गुण चपळाईतून काढलात आणि भक्तीत घातलात. मी "हो बाई" म्हणाले. बाई, तुम्हाला माझ्यात खरंच काही दिसलं होतं? की बाकीच्या कुरकुर करतील आणि ही करणार नाही, तेवढंच दिसलं होतं?

वर्षभर मी जखमा भरल्या. मग तो शनिवार आला. आम्ही खोल उतरलो होतो, माझ्याकडे बरं करायचा एकच मंत्र उरला होता. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा लढवय्या पुढच्या रांगेत मरायला टेकलेला, आणि माझा पुजारीही अर्धमेला. मी मंत्र स्वतःवर वापरला. का, ते नीट सांगता येत नाही. एकदा करून बघावंसं वाटलं. लढवय्या मेला. त्याला खेळातल्या देवळात नेलं, पुन्हा जिवंत करायला गेलो तर त्याची राख झाली. पुन्हा प्रयत्न केला तर यादीतून नावच गेलं. मैत्रीण हुंदके द्यायला लागली आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "आपलं काम काय आहे, एवढं तरी कळायला नको?" सगळ्या गेल्यावर मी विचारलं होतं, काम बदलता येतं का म्हणून. तुम्ही खोळ घालत होतात. "येतं की. पण गड्याचं वय काही वर्षांनी वाढतं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. कशाला बदलतेस?" मी नाही बदललं.

बारावीनंतर तुम्ही आमच्या घरी येऊन आबांना सांगितलंत, हिला नर्सिंगला घाला. स्वयंपाकघरात आईनं तुम्हाला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि जेवून उठताना तुम्ही पिशवीतून पांढरे बूट काढलेत. एक नंबर मोठे. "ड्युटीत पाय सुजतात, मोठेच बरे." मी ते बूट चार वर्षं वापरले. ते मी विसरलेले नाही. भांडणात तेही सांगायला हवं.

आता जळगावला आहे. खासगी दवाखान्यात एकोणीस वर्षं झाली. आमचे हे एसटीत ड्रायव्हर. आठ महिन्यांपूर्वी डेपोतच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरलाय एक शब्द, "हां". पाणी हवं तरी हां, दुखतंय तरी हां. मी सकाळी त्यांचं सगळं करते, दवाखान्यात जाऊन परक्यांचं करते, आणि घरी येऊन परत यांचं. दिवाळीला लेक धुळ्याहून आली. पॉलिटेक्निकला आहे, दुसऱ्या वर्षाला. सुट्टी संपली तरी तिनं बॅग भरली नाही. "मी राहते इथेच. पप्पांचं मी बघते." बाई, मी काय केलं असेल? मी गप्प बसले. दहा दिवस गप्प बसले, कारण त्या दहा दिवसांत माझी पाठ पहिल्यांदा दुखायची थांबली होती.

अकराव्या दिवशी दुपारी ती यांच्या पलंगाशी मोबाइलवर काहीतरी खेळत बसलेली. मी यांना मऊ भात भरवत होते. "मम्मी, जुन्या धर्तीचा गेम आहे, बघ ना. भुयारात जायचं. तू काय घेशील?" मी वाकून पाहिलं. सहा जागा, पाच भरलेल्या. मी विचारलं, तू काय घेतलंस? "प्रीस्ट. बरं करणारा पुजारी."

मी तिच्या हातातून मोबाइल हिसकावला. खरकट्या हातानं. "ते घ्यायचं नाही!"

"अगं, गेम आहे!"

"कोणी सांगितलं तुला घ्यायला?"

"कोणीच नाही. मला आवडतो तो. मी माझ्या मनानं घेतलाय." मग हळूच म्हणाली, "इथे राहणंही माझ्याच मनानं आहे. तू उगीच स्वतःला लावून घेतेस."

चौदाव्या वर्षी मला कोणी विचारलं असतं, तर मीही हेच म्हटलं असतं, अगदी याच आवाजात. तिचं खरं असेलही. पण ओळखायचं कसं? मला तर माझंच आजवर ओळखता आलेलं नाही. हे पलंगावरून "हां, हां" करत होते आणि ते कुणाच्या बाजूनं, ते आम्हा दोघींना कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच तिची बॅग भरली आणि तिला धुळ्याच्या बसमध्ये बसवलं. तिनं खिडकीतून हातही केला नाही. नंतर दोन दिवस फोन उचलला नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी यांना खुर्चीत बसवताना माझ्या हातातून सुटले. दोघं खाली. मी हजार वेळा पेशंट उचलले असतील, पण मला माझ्या नवऱ्याला उचलता येईना. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड एका अंगाला दबलेलं, श्वास घरघरतोय. मान सरळ करायला हवी, हे मला कळत होतं. आणि मी केली नाही. किती वेळ, ते माहीत नाही. दहा श्वास असतील. मी मोजत होते. मग त्यांनी "हां" म्हटलं आणि मी मान सरळ केली. शेजारच्या अक्का शिंदखेड्याकडच्या. आवाज ऐकून धावत आल्या. "काय व्हयनं वो माय? एकली तू काय काय करशी? बठ्ठं तूच करशी का?" सगळं मीच करणार का, असं विचारत त्यांनी यांना काखेतून धरलं, मी पायाकडून, आणि आम्ही त्यांना पलंगावर घेतलं. त्या दहा श्वासांचं मी कोणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. काल तिचा फोन आला. परीक्षेचा फॉर्म भरला म्हणाली, आणि पप्पा कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, म्हणून शेवटचंही लिहिते. शेवटच्या दुखण्यात तुम्ही धुळ्याला ॲडमिट होतात तेव्हा मी तिथेच नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. मला कळलंच नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. कळलं होतं, बाई. तुमचा वॉर्ड माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर होता. त्या आठवड्यात माझी ड्युटी तिथेच लागली होती आणि ती मी दुसरीशी बदलून घेतली. तुम्ही मला बघून "ये गं" म्हणाल्या असतात, आणि मी आले असते.