अर्ध्या दिवसात अनाहत नाद

१२ एप्रिल, शनिवार
बेसमेंटमधली वॉशरूम स्वतः करायची, हे पक्कं. इथे कॅनडात कॉन्ट्रॅक्टर लोक उगीच बाऊ करतात. जमीन फोडायला काँक्रीटचा ब्रेकर भाड्यानं आणला. दुकानातल्या बाईनं सोबत कानावर घालायचे इअरमफ हातात कोंबले. डिकीत टाकले.

घरी अनुया म्हणाली, ते घाल. मी म्हटलं, नागपूरला विसर्जनात स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून नाचलेला माणूस आहे मी. तिच्या माहेरचा गणपती बादलीत जातो, तिला काय कळणार.

संध्याकाळपर्यंत अर्धी जमीन फोडली. खोली लहान आणि बंद, त्यामुळे आवाज छान घुमत होता. आता कानात कापूस भरल्यासारखं वाटतंय. जेवताना अनुयानं तीन गोष्टी विचारल्या. एकही ऐकू आली नाही. तिन्हीला मान हलवली. संसार असाच चालतो.

१३ एप्रिल, रविवार, सकाळ
घरात कसलातरी आवाज येतोय. शिट्टी व्हायच्या आधी कुकर जो बारीक सूं करतो, तो. फक्त शिट्टी होत नाही. संकल्प: संध्याकाळपर्यंत चोर पकडायचा.

संध्याकाळ
स्मोक अलार्मच्या बॅटऱ्या बदलल्या. फ्रीज ओढून मागे डोकं घातलं. केयाला, म्हणजे लेकीला, विचारलं. उत्तर: डॅड, देअर इज लिटरली नो साउंड. हल्लीच्या मुलांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. हेडफोनचा परिणाम.

१४ एप्रिल
घराचा मेन स्विच बंद केला. केयाचा प्रोजेक्ट सेव्ह व्हायचा होता, तो गेला. अनुयाचं काय गेलं ते तिनं मोठ्यानं सांगितलं. मग घर गप्प झालं. फ्रीज बंद, हीटिंगची फर्नेस बंद. आणि तो आवाज दुप्पट.

बेसमेंटच्या पायरीवर तसाच उभा राहिलो. 

निष्कर्ष: शेजाऱ्याचा घर तापवायचा हीट पंप. त्याला सौम्य भाषेत ईमेल पाठवला.

१५ एप्रिल
शेजाऱ्याचं उत्तर आलं. म्हणे त्याच्याकडे हीट पंपच नाही. लपवतोय.

ऑफिस सुटल्यावर बर्नाबी माउंटनवर चालायला गेलो. वर झाडांत चिटपाखरू नाही. तिथेही शेजाऱ्याचा हीट पंप ऐकू येतो.

बाकावर बसून दोन्ही कान दाबून धरले. आवाज आणखी जवळ आला. कळायचं ते तेव्हा कळलं. फार घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. अनुयाला सांगायचं नाही. ती म्हणेल, तरी मी सांगत होते.

१८ एप्रिल, गुड फ्रायडेची सुट्टी
कानातल्या आवाजाबद्दल नेटवर वाचलं. वाचायला नको होतं. काहींचा आवाज जातो, काहींचा जन्मभर राहतो. मी अर्थातच पहिल्या लोकांत. तरी तेच पान तीनदा वाचलं. संकल्प: नेट बंद.

स्वयंपाकघरातला शेगडीवरच्या हूडचा पंखा चालू असला की बरं वाटतं. त्यामुळे दिवसभर चालू ठेवतो. अनुयाला सांगितलं, काँक्रीटची धूळ जायला हवी. ती म्हणाली, या घरघरीत तुझ्याशी बोलायचं तरी कसं? मी म्हटलं, नंतर बोलू. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

२२ एप्रिल
उलगडा झाला! हा अनाहत नाद आहे! बाहेर काहीही न वाजता साधकाला आतून ऐकू येतो, तो. एका स्वामींचा व्हिडिओ पाहिला. नेट बंदच आहे, पण अध्यात्म त्यात धरत नाही. लोक हिमालयात आयुष्य काढतात. मला बर्नाबीत, भाड्याच्या ब्रेकरवर, अर्ध्या दिवसात. घराण्यात ते अंग आहेच. आजोबा कीर्तनात झोपायचे, ती समाधीच असणार.

भीती संपूर्ण गेली. काल जवळजवळ दोन तास झोपलो.

२६ एप्रिल, शनिवार
कम्युनिटी सेंटरमधल्या मराठी ध्यानवर्गाला गेलो. तिथे नंदकुमार काका येतात. मूळ साताऱ्याचे, इथे लाकडाच्या मिलमध्ये जन्म गेला. डोळे मिटले की वर्ग संपेपर्यंत हलत नाहीत. सगळे त्यांना मनातून गुरू मानतात. चेहऱ्यावर काय तृप्ती!

मी बसलो आणि नाद विरून गेला! ब्रेकरच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. रडूच आलं. ही वरची पायरी असणार. डोक्यावर हीटिंगचा जुना ब्लोअर भयंकर घरघरतो, पण माझ्यासारख्याला त्याचा अडथळा होत नाही.

पार्किंगमध्ये पोचलो तर नाद परत. थंडीमुळे.

३ मे, शनिवार
वर्ग सुटल्यावर काकांना पार्किंगमध्ये गाठून अनुभूती सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, कुकरसारखा का? शिट्टी न होणारा? मी तिथेच पाय धरले. काका म्हणाले, ऊठ रे, गुडघे भिजतील. काय फोडत होतास?

त्यांनाही आहे. मिलमधल्या करवतीशेजारी, कानात काही न घालता उभे राहून झालेला. मुलगी शाळेत होती तेव्हापासून. आता तिची मुलगी कॉलेजात आहे. मी विचारलं, जातो ना पण? काका म्हणाले, जाणार की, माझ्याबरोबर. 

मग ध्यान? काका म्हणाले, ध्यानबिन मला आजवर जमलेलं नाही. त्या ब्लोअरखाली बसलं की तेवढा वेळ कानांना सुट्टी. तो दुरुस्त करू नका म्हणून सेंटरवाल्यांना दोनदा भेटून आलोय.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. म्हणाले, बायकोला सांगितलंस? मी माझ्या बायकोला नव्हतं सांगितलं. घरात सारखा रेडिओ लावून बसायचो. तिला वाटलं, आपलं ऐकायला नको म्हणून लावतो. मग तिनं बोलणंच सोडलं. आता ती नाही, रेडिओ आहे.

घरी आलो. हूडचा पंखा चालूच होता आणि अनुया नेहमीप्रमाणे दुसऱ्या खोलीत.

४ मे, रविवार
सकाळी पोहे खाताना सांगितलं. आधी पंखा बंद केला. भाषण तयार होतं, पण त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं, की कानात आवाज येतो आणि थांबत नाही.

अनुया म्हणाली, ते तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. जेवताना तीन गोष्टी विचारल्या होत्या. इअरमफ घातले होतेस का? कानात आवाज येतोय का? डॉक्टरची वेळ घेऊ का? तिन्हीला मान हलवलीस. मंगळवारची वेळ मिळाली आहे, फ्रीजच्या दारावर लावून ठेवली आहे. तू फक्त फ्रीजच्या मागे बघतोस. मग म्हणाली, त्या पंख्यामुळे मला वाटायला लागलं होतं की तुला मीच नको झालेय.

पोहे संपवले.

दुपार
पंख्याशिवाय मला पडवत नाही आणि पंख्याच्या घरघरीत तिला झोप येत नाही. मी म्हटलं, मी खाली सोफ्यावर जातो. अनुया बाहेर गेली आणि गाडीच्या डिकीतून ते इअरमफ घेऊन आली. ब्रेकर परत केला तेव्हा द्यायचे राहिलेच होते. चांगले पिवळेधमक. टेबल फॅन तिनंच फुल केला, इअरमफ कानावर चढवले आणि शेजारी आडवी झाली. तिला बरे दिसतात.

मग मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. माझं चुकलं. वॉशरूम कॉन्ट्रॅक्टरला देऊ. आणि हा आवाज कधीच थांबला नाही तर काय, याची मला फार भीती वाटते, तेव्हा तू बोलत राहा.

डोळे मिटल्या मिटल्या तिनं तिन्हीला मान हलवली.