देवाले इचारलं, मले नाही

दयाराम,
आशीर्वाद हायेच, पण रागानं लिहून राह्यली.

डॉक्टरनं सांगितलं, गाठ कॅन्सरची हाये, स्तन काढा लागते. अन् तू देऊळगावच्या बालाजीपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या! "नको" निघाली, तं माह्या पोराले, गोपालले, फोन करून अडवलं. काय बे, बैल इकाचा होता काय? देवाले इचारलं, मले काऊन नाही?

मी मंगळवारी ऑपरेशन करून घेते. भेव तं मलेही वाटते. तुह्या जन्माच्या वेळी माय गेली, तवा गोपालसंगं तुलेही मीच अंगावर पाजलं. म्हणून तू घाबरला, समजते मले.

पण हे वाचून तू लेकरावाणी रडशील. म्हणून पत्र टाकत नाही. फोनवर नुसत्या शिव्या देते.

तुही अक्का,
झुंबर